परसातला 3 बाय 6 मीटरचा टनेल: सांगाड्यापासून पहिल्या पावसापर्यंत

टनेल म्हणजे पाइपच्या कमानींवर प्लास्टिक ताणून केलेलं पिकांचं घर. कामाची अवस्था: पाच कमानी उभ्या, छताचा प्लास्टिकचा कागद ताणलेला, दोन्ही बाजूंचे पडदे चालू. दाराची दुहेरी कोठडी (किडी आत येऊ नयेत म्हणून एकामागे एक दोन दारं) बाकी. जागा पुण्याच्या पश्चिमेला, त्यामुळे पावसाळ्यात पाऊस भरपूर आणि मार्च ते मे कोरडा ताप. आतली पिकं टोमॅटो, शिमला मिरची आणि काकडी, एका कोपऱ्यात रोपवाटिका.

टनेलच का, ते आधी. नेमकं काय अडवायचंय हे ठरलं की घराचा प्रकार आपोआप ठरतो. ऊन अडवायचं असेल तर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. जालना जिल्हा आणि देऊळगाव राजाच्या पट्ट्यात मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन शेडनेटमध्ये होतं, कारण तिथे कडक ऊन आणि किडी हीच मुख्य अडचण. पण जाळीतून पाऊस सरळ आत येतो, वर गळणारे मोठे थेंब रोपांवर पडत राहतात. पावसाळी भागात नुसत्या जाळीखाली टोमॅटो लावला की करपा, म्हणजे ओल्या पानांवरचा बुरशीचा रोग, ठरलेलाच. थंडी अडवायची असेल तर लेह-लडाखसारखं जमिनीत खोदलेलं आणि रात्री झाकलं जाणारं खंदकघर. आपल्याकडे ते भट्टी होईल. आपल्याला पाऊस अडवायचाय आणि उष्णता बाहेर काढायचीय. म्हणून वर प्लास्टिक, बाजूंना जाळी, आणि वारा जाईल तेवढी मोठी तोंडं.

कमानीचं माप 6 मीटरच्या अखंड पाइपवर बसवलंय, जोड एकही नाही. एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, भिंत 2 मिमी. रुंदी 3 मीटर, म्हणजे अर्धवर्तुळाची त्रिज्या दीड मीटर आणि कमानीला लागतात 4.71 मीटर. उरलेल्या 1.29 मीटरचे दोन सरळ पाय, प्रत्येकी साधारण 64 सेंमी. मधली उंची 2.14 मीटर भरते आणि माणूस ताठ उभा राहून काम करतो. रोलरवर वाकवताना पाइप थोडा परत उघडतो, म्हणून त्रिज्या किंचित कमी धरायची आणि पहिली कमान जमिनीवरच्या खडूच्या आखणीवर ठेवून पाहायची. दीड मीटरला एक, अशा पाच कमानी. वेल्डिंग शक्यतो नको. तिथला जस्ताचा थर जळतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंज फुटतो. क्लॅम्प आणि नटबोल्ट वापरावेत.

पाया हलका ठेवण्याचा मोह टाळायलाच हवा. वारा असलं घर ढकलण्यापेक्षा वर उचलतो. सव्वा इंची पाइपचे 75 सेंमीचे दहा तुकडे, 60 सेंमी जमिनीत, 15 सेंमी वर. कमानीचा पाय त्यात सरकवून 8 मिमी बोल्टने आरपार बांधला. तुकड्यात जमिनीच्या पातळीवर एक आडवा बोल्ट असला की पाय त्यावर टेकतो आणि सगळ्या कमानी एका उंचीत येतात. खड्डा 30 सेंमी व्यासाचा, 60 खोल. 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने एका खड्ड्यात सुमारे 100 किलो वजन बसतं. दहा खड्ड्यांना सिमेंटच्या तीन गोण्या पुरतात. ओतण्याआधी दोन्ही कर्ण मोजा: 6.71 मीटर यायला हवेत. इथे पाच सेंमीचा फरक राहिला तर कागदाला तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत.

लांबी उत्तर-दक्षिण. पश्चिमेचा वारा लांब बाजूवर आडवा येतो, आणि दिवसभरात सावल्या सरकत राहतात.

आता कागद. 200 मायक्रॉन, यूव्ही स्थिर केलेला (उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर न कुजणारा), आतून थेंब न धरणारा. छपाई पाहून आतली बाजू ओळखायची. उलटा बसला तर पहाटे थेंब थेट पानांवर पडतात. छताची कमान एक मीटर उंचीपासून पलीकडच्या एक मीटरपर्यंत, म्हणजे 4 मीटर. दोन्हीकडे 25 सेंमी जादा धरून रुंदी साडेचार, लांबी 7. वजन साधारण 5.8 किलो, कागद किलोवर विकला जातो, तेव्हा हा हिशेब जवळ ठेवा. कोवळ्या उन्हात, वारा पडलेला असताना चढवावा. भर दुपारी ताणला तर रात्री आखडून झिगझॅग स्प्रिंगमधून (कागद पट्टीत दाबून धरणारी नागमोडी तार) सुटायला पाहतो. थंडीत कुडकुडत बसवला तर दुपारी सैल होऊन फडफडतो, आणि फडफड हाच कागदाचा खरा शत्रू.

कागद पहिल्यांदा फाटतो तो पाइपच्या रेषेवर. तापलेला धातू त्याला तिथे कुजवतो. पाइपची वरची बाजू पांढरी रंगवा किंवा तिच्यावर जुन्या कागदाची पांढरी पट्टी गुंडाळा. पीव्हीसी पाइपच्या कमानी स्वस्त पडतात, पण त्यांच्या स्पर्शाने कागदाचं आयुष्य घटतं. गंधकाची धुरी आणि क्लोरीनसुद्धा यूव्हीचं संरक्षण खातात, त्यामुळे भुरीवर (पानांवरची पांढरी बुरशी) गंधक मारताना फवारा कागदावर जाऊ देऊ नये.

बाजूंचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं. खाली 20 सेंमी कागदाची पट्टी, तिची खालची कड चरात पुरलेली, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत. त्यावर एक मीटरपर्यंत 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) जाळी, आणि बाहेरून अर्ध्या इंची पाइपवर गुंडाळणारा पडदा. उघडी जागा दोन्हीकडून 9.6 चौरस मीटर, जमीन 18. आकड्यांत निम्म्याहून जास्त दिसतं, पण जाळी वारा बराच अडवते, म्हणून हिशेबात निम्मंच धरावं. जाळीवर धूळ बसली की तेवढंही उरत नाही. पाइपने धुवून काढायची. 40 मेश पांढरी माशी बऱ्यापैकी रोखते. फुलकिडे 50 मेशमधूनही शिरतात, त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लागतातच.

मार्चनंतर छतावर 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट चढेल, कागदापासून 30 सेंमी वर, तारांवर. आतून टांगली तर ऊन आत शिरून झालेलं असतं, सावली मिळते पण ताप कमी होत नाही. टोमॅटोचे पराग 35 अंशांच्या वर निकामी होत जातात, तेव्हा फुलं गळतात आणि दोष खताला दिला जातो. पंखा आणि ओला पॅड (पाणी झिरपणारी जाड गादी, तिच्यातून आत ओढलेली हवा गार होते) इथे घातलेला नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, 42 अंश आणि कोरडी हवा असताना, पॅड 12 ते 15 अंश उतरवू शकतो. कोकणात 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत चार अंशही मुश्किलीने, वर ओल वाढून बुरशी. ज्यांना तो बसवायचाच असेल त्यांच्यासाठी: या टनेलमध्ये हवा 33 घनमीटर आहे, ती मिनिटाला एकदा बदलायची, आणि 10 सेंमी जाडीचा पॅड साधारण अर्धा चौरस मीटर.

पहिल्या पावसानंतरची स्थिती अशी. छत कुठेही पाणी धरत नाही, कारण मध्यावर आडवा पाइप आहे. पश्चिमेचा पडदा झडीत खाली, पूर्वेचा उघडा. वादळाचा अंदाज असेल तर दोन्ही बंद. आत शिरलेला वारा छताला फुग्यासारखं फुगवतो. पानं कोरडी राहिल्याने करपा नाही. त्याबदल्यात भुरी आणि लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) यांच्यावर नजर ठेवावी लागते, कारण त्यांना धुऊन काढणारा पाऊसच आत नाही. पानाची खालची बाजू भिंगाने पाहायची सवय लावावी.

जाळीमुळे मधमाश्याही बाहेरच राहतात. टोमॅटोचे घोस सकाळी दहाच्या सुमारास तारेला टिचकी मारून हलवायचे. काकडीची जात परागीकरणाशिवाय फळ धरणारीच घ्यावी. कारली, दोडका लावायचे तर नर फूल हातात घेऊन रोज फिरावं लागेल. कलिंगड-खरबुजाला टनेल वाया घालवू नका, त्यांना जमिनीवरचं क्रॉप कव्हर पुरतं: 90 सेंमीच्या गादीवर 1.9 मीटरची तार वाकवून दोन्ही टोकं 25 सेंमी पुरायची, वर 17 ते 20 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) न विणलेलं कापड, आणि मादी फुलं दिसली की ते काढायचं.

पुढचं काम दाराची कोठडी. दोन दारांत निदान दीड मीटर अंतर हवं, म्हणजे क्रेट हातात असताना मागचं दार लावल्याशिवाय पुढचं उघडावं लागत नाही.