थंड नळीची पहिली गोळी

रायफल घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा पक्का बसला होता, एक एमओए. कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे शंभर मीटरवर साधारण २९ मिलिमीटर. तेवढ्या वर्तुळात गोळ्या पडतील अशी बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करून पुढचं काडतूस भरायची) हवी, किंमत आवाक्यातली हवी आणि तिच्यावर शिकार व टार्गेट दोन्ही व्हायला हवं. परवान्याची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत मी कॅटलॉग पाठ करत बसलो होतो.

रेंजवर मला शिकवणाऱ्या सरांना मी यादी दाखवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"वर्षभरात किती गोळ्या झाडशील?"

"सहाशे तरी."

"त्यातल्या जनावरावर किती?"

मी विचार केला. "दोन. फार तर तीन."

"मग रायफल त्या दोन गोळ्यांना विचारून घे," असं म्हणून ते पुढच्या लेनकडे गेले.

तेव्हा मला हे पटलं नव्हतं. सहाशे गोळ्या कागदावर जाणार असतील तर कागदासाठीच रायफल का घेऊ नये, असं वाटत होतं. पुढचे चार-पाच महिने या एका प्रश्नाभोवतीच गेले.

दोन्ही कामांचं खरं भांडण वजनावरून होतं. टार्गेटसाठी जाड नळी चांगली. ती सावकाश तापते, दहावी गोळीही पहिलीच्या शेजारी पाठवते आणि रायफल जड असली की हातात कमी हलते. शिकारीत असलं काही उपयोगाचं नसतं. तिथे चार-पाच तास रायफल खांद्यावर असते आणि गोळी सुटते ती एकच, पूर्ण थंड नळीतून, धाप लागलेली असताना, झाडाला टेकून किंवा गुडघ्यावर बसून. रेंजवरच्या एका सोबत्याच्या जाड नळीच्या रायफलीवर मी फार सुंदर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावरच्या गोळ्यांचे घट्ट पुंजके, काढले होते. दुर्बीण आणि बायपॉडसकट (नळीखालच्या दोन पायांच्या आधारासकट) ती सहा किलोच्या आसपास भरायची. ती डोक्यातून जाईना, म्हणून घरी एका जाड काठीला वाळूच्या पिशव्या बांधून सहा किलो वजन केलं, पट्टा लावला आणि एक अख्खी सकाळ चढउतार करत फिरलो. तीन तासांनी थांबलो आणि काठी खांद्याला लावून समोरच्या एका दगडावर स्थिर धरायचा प्रयत्न केला. काठीचं टोक दगडाच्या बाहेर जाऊन परत येत होतं. जाड नळीचा विषय त्या दिवशी संपला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. अडीच किलोच्या आतली, डोंगरात नेण्यासाठी बनवलेली एक रायफल रेंजवर वापरायला मिळाली. पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून. चौथी वर सरकली, पाचवी त्याहून वर. पातळ नळी लवकर तापते आणि तापली की नळीच्या पोलादातल्या असमान ताणांमुळे ती किंचित वळते. पंधरा मिनिटं थांबलो की पुन्हा पहिल्या तीन जागेवर. शिकारीला तेवढं पुरलं असतं, पण सहाशे गोळ्यांचा सराव दर तीन गोळ्यांनंतर पाव तास थांबून कोण करणार? शिवाय त्याच काडतुसाचा धक्का हलक्या रायफलीत जास्त बसतो. त्यामुळे मी मधला आकडा ठरवला, नुसती रायफल तीन ते सव्वातीन किलो आणि दुर्बिणीसकट चारच्या आत.

धक्क्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मी मोठी चूक करणार होतो. मला .३०० विंचेस्टर मॅग्नम हवी होती. लांब पल्ला, भरपूर ताकद. सरांनी एका सदस्याची त्या कॅलिबरची रायफल मागून घेतली आणि काडतुसं स्वतः भरली, मला दिसणार नाही अशी. मी नेम धरला, चाप ओढला आणि नुसता 'टक्' असा आवाज आला. आत रिकामं, नकली काडतूस होतं. गोळी सुटलीच नव्हती, तरी नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या क्षणी डोळेही मिटले होते. धक्का येणार या धास्तीने शरीर आधीच त्याला ढकलत होतं. त्याआधी झाडलेल्या तीन खऱ्या गोळ्यांनी तो भिनला होता आणि कानाला प्लग व वरून मफ असं दुहेरी संरक्षण असूनही आवाजाची भीती वेगळीच.

ही सवय घालवायला मला महिनाभर .२२ एलआर या अगदी कमी धक्क्याच्या छोट्या काडतुसावर परत जावं लागलं. दर मॅगझिनमध्ये एक-दोन नकली काडतुसं मिसळून, ती कितव्या जागी आहेत हे माहीत नसताना झाडायचं. नळी हलेनाशी झाली तेव्हाच सरांनी मोठं कॅलिबर हातात दिलं.

म्हणून शेवटी प्रश्न .३०८ विंचेस्टर की ६.५ क्रीडमूर, या दोन मध्यम काडतुसांपुरताच उरला. .३०८ ही १९५२ पासूनची, तिची काडतुसं खूप प्रकारांत मिळतात आणि तिची नळी फार काळ टिकते. क्रीडमूर २००७ ची, हॉर्नडी या काडतुसांच्या कंपनीने टार्गेट नेमबाजांसाठी काढलेली. तिची गोळी बारीक, लांबट असते, वारा तिला कमी ढकलतो आणि सारख्या वजनाच्या रायफलीत धक्का स्पष्टपणे कमी लागतो. नळी लवकर झिजते हे खरं, पण माझ्या वर्षाला सहाशे गोळ्यांच्या हिशेबाने ती काही वर्षं सहज पुरेल. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. क्रीडमूरच्या रायफलींना सहसा एकास आठचा ट्विस्ट असतो, म्हणजे आठ इंचांत गोळी एक पूर्ण फेरी घेते. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरायच्या तर तेवढ्याच वजनाला त्या जास्त लांब होतात आणि लांब गोळी स्थिर ठेवायला जलद ट्विस्ट लागतो. ज्या हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी माझा परवाना होता त्यांना हे कॅलिबर पुरेसं होतं, मी राहतो तिथल्या कायद्यातही बसत होतं. धक्क्याचा अनुभव ताजा होता, त्यामुळे मी क्रीडमूर निवडली. खांदा मजबूत आणि सवय जुनी असेल त्याने .३०८ घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

वापरलेली रायफलही पाहिली. चांगली जुनी रायफल कमी पैशांत मिळाली तर त्यासारखं काही नाही. मला दाखवलेली दिसायला देखणी होती, अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. मी साधा कागद दुमडून नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवायला घेतला, तो अर्ध्यावर अडकला. लाकूड एका बाजूने नळीला टेकत होतं. हवामान दमट झालं की लाकूड फुगणार, नळीवर दाब बदलणार आणि नेम सरकणार. तेवढं घासून नीट करता आलं असतं. पण नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवली तर एका जागी तंतू ओढले गेले, म्हणजे कडेचा टवका उडालेला होता, आणि गोळी नळी सोडते ती शेवटची जागा हीच असते. बंदुकांच्या कारागिराने हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) तपासून द्यावं, असं मी म्हटल्यावर विकणारा टाळाटाळ करू लागला. मी आभार मानून निघालो.

नव्यांमध्ये माझ्या आवाक्यात रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११०, होवा १५००, बर्गारा बी-१४ आणि टिक्का टी३एक्स होत्या. या पाचही रायफली शंभर मीटरवर माझ्यापेक्षा चांगला नेम धरतात, हे मी आता खात्रीने सांगतो. सॅव्हेजचा ११० हा साचा १९५८ पासून चालत आला आहे. तिची नळी एका नटने बसवलेली असते, त्यामुळे पुढे नळी बदलणं सोपं जातं, आणि चापाचं वजन मालकाला स्वतः कमीजास्त करता येतं. होवा जपानची, भक्कम, जराशी जड. तिच्या सेफ्टीला तीन टप्पे असतात. मधल्या टप्प्यावर चाप बंद ठेवूनही बोल्ट उघडता येतो, म्हणजे रायफल रिकामी करताना मन निश्चिंत राहतं. स्पेनची बर्गारा रेमिंग्टन ७०० च्या मापावर बनलेली, त्यामुळे तिला दुसरे दस्ते सहज मिळतात. ही रेमिंग्टन १९६२ ची आणि तिच्या मापाचे सुटे भाग आजही सगळीकडे असतात. रुगर या सगळ्यांत सर्वांत कमी पैशांची, आणि तिचा बोल्ट तीन लगांचा (बंद होताना अडकणाऱ्या दातांचा) असल्याने हँडल कमी उचलावं लागतं.

बोल्टमध्ये काडतूस कसं पकडलं जातं यावर जाणकार तासन् तास वाद घालतात. १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलीमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच एक लांब पंजा त्याची कडा धरतो, तर आजच्या बहुतेक रायफलींत बोल्ट पूर्ण बंद होताना ही पकड बसते. माउझरची पद्धत मला मनापासून आवडते. पण या किमतीत तो विषय सोडून देणंच योग्य वाटलं.

निर्णय झाला तो खांद्यावर. एकेक रायफल घ्यायची, रिकामी आहे हे बोल्ट उघडून डोळ्यांनी आणि बोटाने पाहायचं, डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. गाल दस्त्यावर टेकलेला असताना डोळा बरोबर दुर्बिणीच्या मध्यात यायला हवा. दोन रायफलींत मला मान वर ताणावी लागत होती, एकीत दस्ता लांब पडत होता. टिक्का लावली आणि डोळे उघडले तर पूर्ण गोल, स्वच्छ चित्र. बोल्ट खांद्यावरून न काढता एका बोटाने मागेपुढे सरकत होता. चाप सुटायचा तो काच तडकावी तसा, आधी जराही न सरकता. फिनलंडमध्ये रीहिमाकीला साको कंपनीच्या कारखान्यात बनणारी ही रायफल तीन किलोच्या जवळपास भरते. तिच्या सेफ्टीला होवासारखा मधला टप्पा नाही, बोल्ट उघडायला सेफ्टी काढावीच लागते. म्हणून रिकामी करताना नळी कुठे रोखली आहे याकडे मी आजही दुप्पट लक्ष देतो. रुगरपेक्षा ती महाग होती. बजेट थोडं ताणलं ते फक्त या बसण्यासाठी, अचूकतेच्या आकड्यासाठी नाही.

कारण तो हिशेब मी तोवर मांडला होता. दोनशे मीटरवर एक एमओएची रायफल सुमारे ६ सेंटिमीटरचा ग्रुप देईल, दीड एमओएची ९ चा. मध्यम हरणाची छातीतली मर्माची जागा २० सेंटिमीटरच्या आसपास असते. आणि मी? गुडघ्यावर बसून शंभर मीटरवर माझ्या गोळ्या १२ सेंटिमीटरमध्ये पसरत होत्या. दोनशेवर २४. रायफलीतला तीन सेंटिमीटरचा फरक विकत घेऊन मी काय मिळवणार होतो? ते पैसे काडतुसांना आणि दुर्बिणीला गेले.

दुर्बीण घेतली ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची, साधी, पण काच चांगली. संधिप्रकाशात ४० मिलिमीटरची भिंग नऊपटीवर डोळ्याला जेमतेम साडेचार मिलिमीटरचा प्रकाशझोत देते, सहापटीवर आणली की साडेसहा. अंधार पडू लागला की मोठं करून बघायचा मोह होतो, पण चित्र उजळतं ते पट कमी केल्यावर.

पहिल्या दोन महिन्यांत एकदा ग्रुप अचानक पसरला. मी नळीला दोष दिला, काडतुसांची पेटी बदलली, नळी दोनदा साफ केली. सरांनी दुर्बीण हाताने हलवून पाहिली आणि ती रायफलीवर बसवायच्या बेसचा एक स्क्रू ढिला निघाला. आता टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, माझ्या पेटीत असतो आणि पुस्तिकेतल्या आकड्यावरच स्क्रू आवळले जातात. काडतुसांचंही तसंच. चार प्रकार आणून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या झाडल्या. तीन गोळ्यांचा ग्रुप फसवतो, नशिबानेही छान येतो. दहा गोळ्यांना लपवता येत नाही. सर्वांत महाग काडतूस माझ्या रायफलीला सर्वांत कमी मानवलं, तिसऱ्या नंबरच्या किमतीचं उत्तम बसलं. त्याच लॉटच्या मी जमतील तेवढ्या पेट्या घेतल्या.

मग सरांनी एक कोरा टार्गेट कागद दिला. रेंजवर आल्यावर सर्वांत आधी, थंड नळीने, गुडघ्यावर बसून, एक गोळी याच्यावर. ठिपक्याशेजारी तारीख. मग कागद काढून ठेवायचा आणि बाकीचा सराव दुसऱ्या कागदावर करायचा. शिकारीच्या हंगामापर्यंत त्यावर चौदा ठिपके झाले. पहिले पाच चांगलेच विखुरलेले आहेत, एक तर काळ्या वर्तुळाच्या बाहेर. शेवटचे नऊ तळहाताखाली झाकले जातात. त्यांतला मध्यापासून सर्वांत लांबचा मी पट्टीने मोजला, साडेचार सेंटिमीटर.

त्या वर्षी मी स्वतःसाठी दीडशे मीटरची मर्यादा ठरवून निघालो.