बाहेरच्या ओट्यासाठी लाकूड: ब्रिस्बेनमधून गडचिरोलीकडे पाहताना

इकडे ऑस्ट्रेलियात घरामागे लाकडी फळ्यांचा उघडा ओटा असतो, त्याला डेक म्हणतात. ब्रिस्बेनचं ऊन कडक, आणि उन्हाळ्यातच मुसळधार पाऊस. दोन्ही थेट फळ्यांवर. गडचिरोलीत माझे काका वाढईकाम करतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी डेक पाहिलं आणि म्हणाले, "सागवान काहून नाही लावत बे ते लोक?"

पहिलं कारण सरळ आहे. साग इथे बाहेरून येतो, महाग पडतो. स्पॉटेड गम आणि ब्लॅकबट ही निलगिरीच्या कुळातली झाडं इथलीच. पण काकांना खरं कुतूहल होतं ते टणकपणाचं. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, त्यावरून टणकपणा मोजतात. साग 5 किलोन्यूटनच्या आसपास, इंडोनेशिया-मलेशियाकडून येणारं मेरबाऊ साडेआठ, स्पॉटेड गम 11, आणि ब्राझीलकडचं इपे 15 च्या पुढे. इपे तर पाण्यात बुडतं. मात्र नोव्हेंबर 2024 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, आणि जंगलाची स्थिती पाहता ते योग्यच झालं.

हे आकडे पाहून साग कच्चा वाटेल. तसं अजिबात नाही! टणकपणावरून खुर्ची ओढल्यावर ओरखडा किती पडेल ते कळतं, लाकूड किती टिकेल ते नाही. टिकणं ठरतं गाभ्यातल्या द्रव्यांवर. सागाच्या गाभ्यातलं नैसर्गिक तेल उधईला आणि बुरशीला दूर ठेवतं. सालीलगतचा पांढरट भाग मात्र कोणत्याही झाडाचा असो, बाहेर टिकत नाही. स्पॉटेड गमच्या त्या भागाला तर भुंगा लागतो, म्हणून इथे त्यावर औषधप्रक्रिया करून घेतात.

मेरबाऊचा त्रास वेगळाच. पहिल्या पावसात त्यातून तांबूस-तपकिरी पाणी निघतं आणि खालच्या सिमेंटवर डाग पडतात. ते टॅनिन, आपल्याकडे बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात, ते याच द्रव्यामुळे. लोखंड लागलं की ते काळं पडतं, म्हणून डेकला स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत. तरी वणव्याच्या पट्ट्यात मेरबाऊ चालतं: आगीला दाद न देणारी म्हणून इथल्या मानकात ज्या सात लाकडांची नावं आहेत, त्यात ते, स्पॉटेड गम आणि ब्लॅकबट आहेत.

आपल्या विदर्भासाठी मला सागच सर्वांत योग्य वाटतो. मे महिन्यात हवा कोरडीठाक, जुलैत ओलीचिंब. इतक्या फरकात लाकूड आकसतं, फुगतं, पिळतं. साग त्यात फार कमी हलतो, इपेपेक्षाही कमी. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान गेलं, यात नवल काय!

काकांना एवढंच सांगितलं: जुन्या झाडाचा गाभा निवडा, कोवळ्या झाडात पांढरा भाग जास्त निघतो. फळ्यांमध्ये फट ठेवा, ओट्याखालून वारा खेळू द्या. रंग करडा पडला तर घाबरू नका, ते ऊन फक्त वरच्या थरावर काम करतं. आणि फळी कापली की तिचं टोक मेणानं बंद करा, कारण पाणी तिथूनच सर्वांत लवकर आत शिरतं.