आमची वाटचाल: सोलापुरातली हातचलाखी

जादू म्हटलं की पी. सी. सरकार, रघुवीर यांचे मोठ्या रंगमंचावरचे प्रयोग आठवतात. आमचं काम त्याहून लहान. नाणी, पत्ते, कप-गोळे आणि रुमाल, एवढंच सामान, एका पिशवीत मावणारं. आधी शाळा, मग गणेश मंडळं, आता लग्नाच्या लॉनवर टेबलाटेबलाशी उभं राहून दाखवायचे प्रयोग. खर्च होतो तो सरावाचा.

नव्या मुलाच्या हातात पहिल्यांदा दहा रुपयांचं नाणं देतो. व्यास 27 मिलिमीटर. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा आणि समोरची तळव्याची कड यांच्यात ते नीट बसतं. पहिले तीन महिने दुसरं काही शिकवत नाही. नाणं तळव्यात लपवलेलं, आणि त्याच हाताने चहाचा कप उचलायचा, दार उघडायचं, फोन लावायचा. नाणं पडलं तर पडू दे. खरा घोळ वेगळाच असतो: अंगठा ताठ बाहेर येतो, हात लाकडासारखा होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलगा स्वतःच त्या हाताकडे बघतो. तो जिकडे बघेल तिकडेच लोक बघणार. नजर दुसऱ्या हाताच्या रिकाम्या मुठीवर हवी, आणि त्या मुठीत नाणं असल्याइतकी जाडी हवी. आरशासमोर सराव करू नये. नेमक्या क्षणी पापणी मिटते आणि चूक आपल्यालाच दिसत नाही. मोबाइल कमरेच्या उंचीला ठेवून चित्रण करावं.

कमरेच्याच उंचीला, कारण मंडळाचं स्टेज चार फूट उंच असतं आणि पोरं पुढे जमिनीवर बसतात. मोठ्यांपासून लपलेलं नाणं त्यांना खालून सरळ दिसतं. म्हणून सुपारी घेतानाच सांगतो: पहिली रांग दहा फुटांवर, स्टेजच्या बाजूला आणि मागे कुणी नको, मागून दिवा नको. रेशमी रुमाल पातळ असतो. मागून उजेड आला की आतली वस्तू सावलीसारखी उमटते. हातात धरायचा माइकही नको. एक हात त्यातच अडकला तर दाखवायचं काय?

हवेचं गणित वेगळं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, तळवे कोरडे पडतात आणि नाणं निसटतं. ग्लिसरीनचा एक थेंब पाण्यात मिसळून अर्धा तास आधी चोळावा, मग पुसावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पत्ते घामाने चिकटतात, पत्त्यांचा पंखा उघडताना पाच-पाच एकदम येतात. टाल्कम लावू नका, त्याचा चिखल होतो. कोरडा सुती रुमाल आणि दुसरा नवा कॅट, हाच उपाय.

या गावात मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते भाषेने. वाक्य टाकलं की लोक हसतात, नजर वर चेहऱ्याकडे येते, आणि त्या सेकंदात हात आपलं काम करतो. पण शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कानडी. मराठी कोटी कळली नाही तर हसू नाही, आणि सगळ्यांचे डोळे हातावरच. म्हणून लपवायच्या जागी आता कोटी नसते, प्रश्न असतो. “तुझं नाव काय?”, “नी पेरेमिटी?”, “निन्न हेसरेनु?” मूल उत्तर देतं तेव्हा अख्खा मांडव त्याच्याकडे बघतो.

सुरुवातीलाच तिन्ही भाषांत सांगतो की हे हाताचं कसब आहे, मंत्रतंत्र नाही. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहेच, पण कायदा नसता तरी सांगितलं असतं. भानामतीची भीती अजून पुरती गेलेली नाही. कप-गोळ्यांच्या शेवटी कपाखालून लिंबू काढायची जुनी पद्धतही याच कारणाने सोडली. लिंबू दिसलं की काहींच्या मनात उतारा येतो, टाळी अडते. टोमॅटो दाबला की फुटतो. बटाटा बरा, कपाच्या तोंडापेक्षा अर्धा सेंटिमीटर बारीक. त्याहून मोठा असला की आतच अडकतो आणि कप उचलला तरी खाली येत नाही.