खाडीच्या पाण्यावरून, दोन-अडीच मीटरवर ड्रोन उडवताना: माझा अनुभव

कोकणातले ड्रोनचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण बहुतेक सगळे पन्नास-साठ मीटरवरून घेतलेले, त्यात होडी म्हणजे एक ठिपका आणि होडीतला माणूस तर दिसतच नाही. मला नेमका तोच हवा होता. माझा मामेभाऊ, दादा, दापोली तालुक्यात खाडीकाठी राहतो, सकाळी छोट्या होडीतून पागायला, म्हणजे पाग हे फेकायचं जाळं टाकून मासे धरायला, जातो, आणि ती होडी पाणी कापत निघालीय आणि कॅमेरा तिच्या बाजूने पाण्याला लागूनच चाललाय असा एक शॉट बरेच दिवस डोक्यात होता. तो शेवटी मिळाला, ड्रोन कोरडा परत आला, आणि त्यासाठी काय काय करावं लागलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण मराठीत यावर नीट माहिती मला तरी कुठे मिळाली नव्हती.

आधी मूळ अडचण सांगतो, ती समजली की बाकीचं सगळं आपोआप समजतं. ड्रोनला पाणी दिसत नाही. पोटाखाली जो छोटा कॅमेरा आणि इन्फ्रारेड सेन्सर असतो तो जमिनीवर दगड, गवत, फरशीच्या रेघा असं काहीतरी धरून ठेवतो आणि त्यावरून ड्रोन जागच्या जागी स्थिर राहतो. पाण्यावर त्याला धरायला काही नाही, शांत पाणी असेल तर आभाळाचं प्रतिबिंब दिसतं, लाटा असतील तर लाट पुढे सरकते आणि ड्रोनला वाटतं आपणच मागे सरकतोय, मग तो लाटेबरोबर हळूच वाहायला लागतो. इन्फ्रारेडचंही पाण्यावर खरं नाही, कधी अंतर बरोबर सांगतो कधी नाही. मॅन्युअलमध्ये पाण्यावर जपून उडवा म्हणून लिहिलेलं असतं ते याच कारणासाठी, पण ते वाचून आपण पान उलटतो.

मग उंची कशावरून कळते, तर बॅरोमीटरवरून, म्हणजे हवेच्या दाबावरून. आणि स्क्रीनवर जो उंचीचा आकडा दिसतो तो पाण्यापासूनचा नसतोच मुळी, तो जिथून टेकऑफ केलं तिथपासूनचा असतो. धक्क्यावरून उडवला आणि धक्का पाण्यापासून अडीच मीटर उंच असेल तर स्क्रीनवर शून्य दिसताना ड्रोन पाण्यापासून अडीच मीटरवर असतो, आणि तोच धक्का भरतीला पाण्यापासून एक मीटरच उरला असेल तर तेच शून्य आता एक मीटर. त्यात बॅरोमीटर स्वतःही सरकतो. एक हेक्टोपास्कल दाब बदलला की उंचीत साधारण साडेआठ मीटरचा फरक पडतो, म्हणजे जोराची झुळूक, ऊन लागून आतला भाग तापणं, वेगात जाऊन एकदम ब्रेक मारणं, यातल्या कशानेही मीटरभर वरखाली सहज होतं. साठ मीटरवर तो मीटर कोणाला कळत पण नाही. दोन मीटरवर तो मीटर म्हणजे अर्धी उंची.

म्हणून मी ठरवलं की या शॉटसाठी आकड्यावर विसंबायचं नाही, उंची बाहेरून मोजायची. दादाने एक लांब बांबू शोधून दिला, त्याला बुडापासून मोजून प्रत्येक मीटरला लाल कापडाची चिंधी बांधली आणि काठाजवळ कंबरभर पाण्यात रोवला. ड्रोन त्या बांबूपासून तीनेक मीटर बाजूला हॉवर करायचा, म्हणजे हवेत जागच्या जागी थांबवायचा, आणि स्क्रीनवरचा आकडा आणि चिंध्या यांचा मेळ बघायचा, पाण्याच्या वर किती चिंध्या आहेत ते धरून. सुरुवातीला स्क्रीन आणि बांबू यांच्यात जो फरक होता तो बॅटरी संपत येईपर्यंत बदललेला असायचा, कधी थोडा कधी चांगलाच. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, वाचून विश्वास बसत नाही. त्यानंतर प्रत्येक बॅटरीला, म्हणजे दर उड्डाणाला, पहिलं काम बांबूपाशी जाऊन फरक बघणं आणि मगच होडीकडे वळणं असा नेमच केला.

दुसरं शिकलो ते असं की पायलटला स्वतःला उंची कळत नाही. धक्क्यावर उभं राहून आपण वरून तिरकं बघत असतो, ऐंशी मीटर लांब गेलेला ड्रोन पाण्यापासून एक मीटरवर आहे की चार, काही सांगता येत नाही. ते कळतं पाण्याच्या पातळीला बसलेल्या माणसाला, आणि तेही बाजूने बघणाऱ्याला. त्याला ड्रोन आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही दिसतं, दोन्हींच्या मधलं अंतर कमी व्हायला लागलं की ड्रोन खाली येतोय. पाणी शांत असेल तर हे इतकं स्वच्छ दिसतं की बघत राहावं, वर एक करडा ठिपका, खाली तसाच उलटा, आणि मध्ये पाण्याची रेघ. म्हणून दादाच्या मुलाला काठावर खालच्या दगडावर बसवला, फोन स्पीकरवर, आणि त्याला एकच शब्द दिला होता, "वर". बाकी काही बोलायचं नाही, किती वर, का वर, काही नाही. तो शब्द ऐकला की मी विचार न करता डावी स्टिक वर ढकलायची, शॉट गेला तरी चालेल. पोरगं इतकं मन लावून बसलं होतं की मी आधी जमिनीवर सराव करताना पण ते "वर" ओरडत होतं आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

जमिनीवरचा सराव मात्र खरंच करा. शेतात, कापणी झालेल्या भातखाचरावर, दोन मीटरवरून सरळ रेषेत जायचं आणि शेवटी नेहमी चढत संपवायचं. शॉट संपवून थांबायचं नाही, शॉट संपवून वर जायचं, ही सवय बोटांना लागली पाहिजे. मागे मागे उडवायचं नाही, पाण्यावर तर अजिबात नाही. आणि खाली उतरताना सरळ खाली सोडायचा नाही, कारण स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत तो डगमगतो, थोडा पुढे सरकत सरकत उतरवला की स्थिर येतो.

आता वेळ. इथे दादाने जे सांगितलं ते कुठल्याही ड्रोनवाल्याने मला सांगितलं नव्हतं. त्याचा हिशोब साधा, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. खाडीत आत आत जाल तसा थोडा उशीर लागतो, आणि आता मोबाईलवर टाइड टेबल मिळतंच, पण हा हिशोब जवळपास बरोबर येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं कमी उतरतं. म्हणजे अष्टमी-नवमीची सकाळ बघा कशी जुळून येते: सहा-पावणेसातला भरती पूर्ण, खाडी चांगली भरलेली, चिखल झाकलेला, पाणी काही वेळ जवळजवळ थांबलेलं, आणि उजेड नुकताच आलेला. भरतीच्या अर्ध्यावर, म्हणजे पाणी सगळ्यात जोरात चढत असतं तेव्हा, तीन मीटरच्या भरतीला तासाला पाऊण मीटर पाणी वर येतं, एका बॅटरीत पाव मीटर गेला, तेवढ्यात तुमचा ड्रोन तसाच पण पाणी जवळ आलेलं.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो तो चांगलाच जोरात आणि पाणी पण खवळवतो, त्यामुळे दुपारी हा प्रकार करायचाच नाही. सकाळच्या मतलईत एकच लक्षात ठेवायचं, तो ड्रोनला आपल्यापासून लांब, समुद्राकडे ढकलतो, म्हणजे येताना समोरून वारा आणि बॅटरी जास्त खाणार. माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला, अगदी हलका, त्यामुळे मी बॅटरी चाळीस टक्के झाली की परत, मग समोर काहीही घडत असो.

सेटिंगमधल्या दोन-तीन गोष्टी मात्र डोळ्यात तेल घालून बघा. सिग्नल तुटला तर काय करायचं यात "लँड" असेल तर ते बदलून "रिटर्न टू होम", म्हणजे उडवलं तिथे परत ये, असं करा, नाहीतर तो शहाणा जिथे आहे तिथेच उतरेल, म्हणजे पाण्यात. आणि पाण्यालगत सिग्नल लवकर तुटतो, मध्ये एखादी उभी होडी आली, वाळूचा उंचवटा आला की गेलं, म्हणून दीडशे मीटरच्या पुढे मी गेलोच नाही. परतीची उंची काठावरच्या माडांपेक्षा नीट वर ठेवा, मी चाळीस मीटर ठेवली. काही मॉडेलमध्ये ड्रोन होम पॉइंटच्या, म्हणजे जिथून उडवला त्या जागेच्या, अगदी जवळ असताना परतीचं बटण दाबलं तर तो वर न जाता आहे तिथेच उतरायला लागतो, धक्क्याजवळच्या पाण्यावर हे महागात पडू शकतं, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघून घ्या. होडीतून टेकऑफ मी मुद्दाम टाळलं. होडी हलती, ड्रोन चालू होताना स्थिर लागतो, इंजिनाच्या लोखंडाने कंपास बिघडतो, आणि होम पॉइंट पाण्यातच मागे राहतो, होडी पुढे निघून जाते. काठावरून उडवा.

काठावरून म्हणजे वाळूवरून नाही हं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूत काळे कण असतात, त्यातले कितीतरी लोहचुंबकाला चिकटतात, आणि ड्रोनच्या मोटरमध्ये लोहचुंबकच असतात. एकदा आत गेले की फुंकर मारून निघत नाहीत. एक फळी किंवा जाड पुठ्ठा टाकून त्यावरून उडवा, नाहीतर हातातून सोडा आणि हातात धरा, पण ते आधी शेतात शिकून मग.

परवानगीचं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या गटात येतो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण नोंदणी आणि जागेचे नियम आहेतच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा हिरवी, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणारी, आहे का ते प्रत्येक वेळी बघायचं, नकाशा बदलत असतो. लोकांना वाटतं आपण दोन मीटरवरच तर उडवणार, विमानाला काय त्रास, पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा किंवा लाल झोन सुरू होतो, उंची कितीही कमी असो परवानगी लागते. देवबागच्या संगमावर कितीजण ड्रोन काढतात, पलीकडे चिपी विमानतळ आहे हे ध्यानातच नसतं. आमच्याकडे मी आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलो की सध्या काही बंदी आदेश आहे का, दहा मिनिटांचं काम. सुवर्णदुर्गाच्या बाजूला गेलो नाही, तो संरक्षित किल्ला. आणि आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात ड्रोन पिशवीतून काढूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं, पिल्लं पाण्याकडे निघालेली असताना वर तो आवाज कशाला.

पक्षी पण बघा. ब्राह्मणी घार खाडीवर असतेच, ती ड्रोनभोवती फिरायला लागली तर शॉट सोडून द्या, आणि परत येताना हळूहळू या. खाडीत जाळ्यांसाठी रोवलेले बांबू आणि त्यांना बांधलेले दोर असतात, ते स्क्रीनवर दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी ओहोटीला दादाबरोबर सगळा मार्ग होडीतून बघून आलो आणि कुठल्या बाजूने जायचं ते ठरवलं.

शॉटच्या दिवशी मग फार काही घडलंच नाही. बांबूपाशी फरक बघितला, होडीच्या बाजूला दहा मीटर अंतर ठेवून अडीच मीटरवर आणला आणि तिच्या वेगाने पुढे. इथे एक गोष्ट सांगतो, पाण्याजवळ वेग आपोआप जास्त वाटतो. वल्हवलेल्या होडीचा वेग म्हणजे सायकलपेक्षाही हळू, पण व्हिडिओत पाणी सपासप मागे जातं. आणि कॅमेरा रुंद असल्यामुळे अडीच मीटरवरून पण पाण्याला टेकल्यासारखं दिसतं. त्यामुळे अर्ध्या मीटरवर जायचा हट्ट करायचं खरंच काही कारण नाही, त्या उंचीवर पंख्यांच्या वाऱ्याने पाण्याचे तुषार उडतात आणि ते खारं पाणी थेट मोटर आणि गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागावर. दादा वल्हवतोय, पाग खांद्यावर, मागे माडांची रांग, आणि पोराचा एकदा "वर" आला तो मी घेतला, व्हिडिओत तिथे कॅमेरा हलकेच उचलला जातो आणि मला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो.

परत आल्यावर लगेच पिशवीत टाकू नका. तुषार उडाले नसले तरी खाऱ्या हवेचा थर बसतोच. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पंखे, हात, पोट पुसायचं, मग कोरड्या कापडाने, बॅटरी काढून ठेवायची, मोटर हाताने फिरवून बघायच्या, कुठे करकर वाटते का. आणि कधी पाण्यात पडलाच तर चालू करून बघू नका, बॅटरी ताबडतोब काढा, ती बॅटरी परत कधीही चार्ज करू नका, ड्रोन गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच दुरुस्तीवाल्याकडे न्या, मीठ आत राहिलं तर सर्किट गंजत जातं.