सगळं फुकट आहे, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधं फुकट. मग या बायका येत का नाहीत?" किनारपट्टीवर देहविक्री करणाऱ्या बायकांसोबत मी काम करते हे कळलं, की पुढचा प्रश्न हाच.

मुंबईत कामाठीपुरा आहे, निदान पत्ता तरी आहे. आमच्याकडे अशी वस्ती नाही. बाई वाडीतच राहते, दिवसा कोळंबी सोलायला जाते, संध्याकाळी फोन आला की लॉजवर. घरी माहीत नसतं, किंवा असूनही कोणी बोलत नाही. दवाखाना दारात असून काय उपयोग? केसपेपर काढणारी भावकीतली निघते.

गेल्या पावसाळ्यात एकीला घेऊन गेले. ओटीपोटात दुखत होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या, नीट तपासलं. गुप्तरोगाच्या औषधांची किटं रंगावरून ओळखतात. हिला पिवळं लिहून दिलं. औषधाच्या खिडकीतून हाक आली, "पिवळं किट कोणाचं?" रांगेत त्या रंगाचा अर्थ कुणाला कळणार होता? पण ही जागची हलली नाही. डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे बघत बसली. शेवटी मीच हात वर केला. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं." 14 दिवसांच्या गोळ्या तिने तांदळाच्या डब्यात लपवल्या.

पैशांचंही तेच. कोरोनात राज्य सरकारने या बायकांना ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 या तीन महिन्यांसाठी दरमहा 5000 रुपये जाहीर केले, मूल शाळेत असेल तर वर 2500. माझ्या ओळखीच्या दोघींनी पासबुकाची झेरॉक्सच दिली नाही. बँकेतला शिपाई गावातला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पत्त्याचा पुरावा नसला तरी यांना आधार कार्ड द्या, कार्डावर धंद्याची खूण नको. आदेश चांगलाच. पण आमच्या बहुतेकींकडे आधार आहे, माहेरच्या नाहीतर सासरच्या पत्त्याचं. अडचण तो पत्ता असण्याचीच आहे.

मग त्या काय करतात? चिपळूणची तपासणीला रत्नागिरीला जाते, रत्नागिरीची चिपळूणला. 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, ते या कामी फार उपयोगी पडलं (सरकारच्या हे ध्यानीमनीही नसेल). संगमेश्वरच्या आसपास कधीतरी दोघींच्या गाड्या एकमेकींना ओलांडत असतील.