आमची वाटचाल: झेरॉक्सच्या दुकानातून वंशावळीपर्यंत

कोल्हापुरात करवीर तहसील कचेरीजवळ आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. सातबारा, फेरफार, वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, असली कामं. जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते आणि बहुतेकांची गाडी आजोबांपाशीच अडायची. पणजोबांचं नाव काय, यावर काउंटरसमोर सख्ख्या भावांची जुंपायची. मग "तुम्हीच बघा की कुठं कागद मिळतो काय" म्हणून लोक आमच्यामागं लागले. आधी ओळखीखातर केलं, नंतर पैसे घेऊन. ठरवून काढलेला हा धंदा नव्हे.

जुने कागद मोडी लिपीत असतात. ती मी पुराभिलेख विभागाच्या प्रशिक्षण वर्गात शिकलो. अक्षरं लवकर ओळखू येतात, वाचन मात्र वर्षं खातं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. त्यावर सालाचा घोळ. 'इसन्ने सबैन मया व अलफ' हे अरबी आकड्यांत लिहिलेलं साल, म्हणजे जुन्या दप्तरातल्या शुहूर कालगणनेचा सन ११७२, म्हणजे इसवी १७७१-७२. पुढच्या कागदावर शक, त्याच्या पुढच्यावर फसली, म्हणजे महसुली साल. माणसांची नावं 'राणोजी बिन सटवाजी', म्हणजे सटवाजीचा मुलगा राणोजी, एवढीच. आडनाव असलंच तर असतं. आपल्या जिल्ह्यात निम्मं गाव पाटील आडनावाचं, पण त्यातल्या बऱ्याच घरांचं कागदावरचं मूळ आडनाव वेगळंच निघतं. पाटीलकी आली, आडनाव गेलं.

गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न आडनावाचा नसतो. तुमचं गाव १९४९ च्या आधी कुणाकडं होतं, हे आधी विचारतो. लोक म्हणतात, "कोल्हापुरातच की!" तसं नसतं. १७३१ च्या वारणेच्या तहानं छत्रपतींच्या सातारा आणि करवीर (म्हणजे कोल्हापूर) या दोन गाद्यांची हद्द ठरली, त्यामुळं वारणेपलीकडच्या गावांचा माग निराळा. नदीच्या अलीकडं पुन्हा विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिऱ्या. कुरुंदवाड तर पटवर्धनांचं संस्थान. आज सगळं एका जिल्ह्यात दिसतं, पण जुने कागद जिथल्या तिथल्या दप्तरात निर्माण झाले. उलट रायबाग करवीर संस्थानात होतं आणि आज बेळगाव जिल्ह्यात आहे. हे न बघता जो थेट पुण्याला पेशवे दफ्तरात जाऊन बसतो, तो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडत म्हातारा होईल. तिथं मोडीचे सुमारे ३९,००० रुमाल आहेत.

जवळचा काळ त्यामानानं सोपा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, हक्कनोंदणी यांतून तीन-चार पिढ्या बहुधा जुळतात. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याच्या आधीचं गावदप्तर कधी कधी जुन्या कुलकर्ण्यांच्या माळ्यावर सापडतं, उंदरांनी ठेवलं असेल तेवढं.

सरकारी दप्तराबाहेरचेही दोन रस्ते आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या; घरातलं कुणी क्षौर-श्राद्धाला गेलं असेल तर गावासकट नाव तिथं असतं. दुसरे हेळवी. पूर्वी बैलावरून यायचे, दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे आणि सुगीचं धान्य घेऊन जायचे. आजही येतात. आमच्या शिकल्या-सवरलेल्या गिऱ्हाइकांना हेळव्याचं नाव काढलं की हसू येतं. मला येत नाही. भाऊबंदांची तुटलेली शाखा कुठल्या गावाला गेली, हे कचेरीच्या आधी मला हेळव्यांकडून कळलं आहे. पुरावा म्हणून मी ते लिहीत नाही, पण शोध कुठल्या गावाला न्यायचा ते कळतं.

२०२३ मध्ये मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. कधी नव्हे ती दुकानापुढं रांग लागली. त्या गर्दीत "नोंद काढून देतो, खात्रीनं" म्हणणारेही उगवले. आमच्याकडं खात्री मिळत नाही, यावरून पुष्कळ लोक परत गेले. गेले तर गेले. आम्ही पैसे शोधाचे घेतो, पूर्वजाचे नाही. पहिल्या टप्प्याची फी ठरलेली. कुठली दप्तरं बघितली, काय मिळालं, काय मिळालं नाही, हे लिहून देतो. मिळालेल्या पानाची नक्कल आणि लिप्यंतर सोबत. त्यानंतर पुढं जायचं का, ते त्यांनी ठरवावं. काहीच हाती लागलं नाही तरी फी लागते, कारण दिवस तेवढेच गेलेले असतात. हे सांगताना सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही.

दुसरी भानगड अपेक्षेची. पुण्यात आयटीत असलेले एक साहेब आले होते, पणजोबांचे पणजोबा पानिपतावर लढले याचा कागद हवा म्हणून. निघाला तो साऱ्याच्या थकबाकीचा. साहेब नाराज झाले, पण त्यांच्या आई कागद हातात धरून म्हणाल्या, "थकलं तर थकलं, माणूस तर भेटला." त्यांच्याच आग्रहानं पुढं आईच्या माहेरचाही शोध घेतला. बायकांची नावं कागदात नसतात, हा गैरसमज आहे. 'कोम', म्हणजे 'ची बायको', लावून नवऱ्याच्या नावासकट येतात. वतनाच्या वादात, दत्तकपत्रात तर हमखास. आपण छापतो त्या वंशावळीत त्या गाळल्या जातात, एवढंच. आमच्या तक्त्यात आता त्यांचा रकाना असतोच, गिऱ्हाइकानं मागितला नाही तरी.

सध्या आम्ही चौघं आहोत. झेरॉक्स मशीन अजून चालू आहे, महिन्याचं भाडं तेच भागवतं. रायबागकडची कामं वाढल्यामुळं कन्नड वाचणारी एक मुलगी नुकतीच घेतली आहे. कुणाला यायचं असेल तर येताना आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा सर्वात जुना उतारा आणि कुलदैवताचं नाव घेऊन या. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आमच्याकडं यायच्या आधी त्यांच्याजवळ एक दुपार बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.