दोन गज जमीन आणि थिबा पॅलेस

परवा पावसात लाइट गेले म्हणून मोबाइलवर जुन्या गझला ऐकत बसलो होतो आणि जफरची ती 'दो गज जमीन'वाली लागली, पुरायला दोन गज जमीनही मिळाली नाही म्हणणारी. बहादूरशहा जफर, शेवटचा मुघल बादशहा. 1857 नंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातच खटला चालवला आणि 1858 मध्ये म्हाताऱ्याला थेट रंगूनला पाठवला, ऐंशी तर कधीच ओलांडली होती. 7 नोव्हेंबर 1862 ला गेला तर त्याच दिवशी घाईघाईत पुरला, भोवती बांबूचं कुंपण, गवत वाढलं की कबर कुठंय ते कुणाला कळू नये असा हिशोब. आणि कळलीही नाही हो, पार 1991 मध्ये खोदकाम करताना सापडली!

आता ही गझल त्याचीच का, यावर अभ्यासकांना डाउट आहे, कारण तिथं त्याला कागद-पेनसुद्धा देत नव्हते म्हणे. मला विचाराल तर नसेना का त्याची, शोभते त्यालाच.

पण मी रत्नागिरीचा, त्यामुळे मला लगेच थिबा आठवतो. दिल्लीचा राजा ब्रह्मदेशात नेऊन टाकला आणि 1885 मध्ये ब्रह्मदेशाचा राजा, हा थिबा, उचलून पुढच्या वर्षी आमच्याकडे आणला, काय डोकं म्हणायचं हे! तीस वर्षं काढली बिचाऱ्याने इथं, 1916 मध्ये इथंच गेला. शाळेच्या ट्रिपला आम्ही त्याच्या त्या पॅलेसच्या लाकडी जिन्यावर धावाधावी करायचो, सर ओरडायचे. वरून खाडी दिसते, पलीकडे समुद्र. त्याची मात्र एकही कविता मला माहीत नाही.